जास्तीचं तेल

३ एप्रिल, बुधवार

आज सकाळी पूजा आटोपल्यावर पहिलं काम हे केलं: चुलीतली राख घेतली आणि अंगणात मोटारसायकलखाली सांडलेल्या तेलावर पसरली. भाकरीएवढा डाग. काल पुरीएवढा होता. राखेनं तेल ओढून घेतलं, मग झाडूनं भरून उकिरड्यावर टाकलं. आबा कट्ट्यावर बसून बघत होते.

शिमगा झाल्यापासून गळतेय. आधी थेंब, मग धार. इंजिनाच्या पोटाला हात लावला की हात काळा. पँटची उजवी बाजू तर धुण्यापलीकडे गेली.

तसं गाडीचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण जनावरांच्या चारा छावणीतलं आणि दोन वस्त्यांवरचं दूध हिच्यावरच जातं. घाट चढून धारूरला शीतकरण केंद्रात ऊन तापायच्या आत पोचवायचं. उशीर झाला की दूध नासतं, नासलं की परत. आमच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी परवा म्हणाले, "दत्ताभाऊ, दूध आधीच आटलंय. त्यात आंबट आलं तर वरचे आपलं संकलनच बंद करतील. मग बायकांनी दूध कुठं घालायचं, तुमीच सांगा."

पावसाशिवाय दुसरं साल. शिवारात हिरवं म्हणून काही नाही. घरात जे काही रोज येतं ते म्हशीच्या कासेतून येतं, सगळ्यांच्याच.

६ एप्रिल, शनिवार. पाडवा

गुढी आबांनी उभी केली. सौ. छावणीवर, म्हशीजवळ. दुपारी डब्यात पुरणपोळी घेऊन गेलो तर तिनं तिथंच चुलीवर शेवया केल्या होत्या. दोघांनी दोन्ही खाल्लं.

आबांबद्दल, माझ्या वडिलांबद्दल, लिहून ठेवतो. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तलावावरच्या पाणीपुरवठा सोसायटीच्या इंजिनावर घालवली. डिझेलचं मोठं इंजिन, त्याच्या पाण्यावर अर्धं शिवार भिजायचं. गावात त्यांना नावानं कुणी हाकच मारत नसे, इंजनवाले आबा. तलाव तळाला गेला तसं सोसायटीनं इंजिन बंद केलं. उरलेला तेलाचा डबा त्यांनाच दिला आणि इंजिनघराला कुलूप. किल्ली अजून त्यांच्या कडदोऱ्याला आहे.

तेव्हापासून बोलणं गेलं. उशिरा उठायचे, तोंड तेवढं धुवायचे, आणि बसायचे. जेवा म्हटलं की जेवायचे.

पण अलीकडे काही वेगळं आहे. माझ्याआधी उठतात. अंघोळ, कपाळाला बुक्का. आज जेवताना म्हणाले, "कटाच्या आमटीला मीठ कमी हाय." मी मीठ वाढलं. किती दिवसांनी त्यांना चव लागली. पांडुरंगा, असंच राहू दे.

८ एप्रिल, सोमवार

दूध घालून सलीमकडे. धारूरच्या बाजारात त्याचं गॅरेज, चिंचेखाली. त्यानं इंजिनावरून बोट फिरवलं, नाकाला लावलं.

"भाऊ, गाडी रडायलीय."

"मग गप कर तिला."

"करतो की. पॅकिंग गेलंय. आन तेल कोणतं घालताव?"

मागच्या खेपेला तूच घातलंस म्हटलं तर म्हणाला, तेव्हा गाडी जवान होती, आता जाड तेल पाजा, वीस-चाळीस नंबरचं. पातळ तेल म्हातारीच्या पोटात ठरत नाही. शेजारच्या टपरीवरचा म्हणाला, "सलीम, तुझ्या पोटात काय ठरतंय रे, सकाळपसून चौथा चहा हाय." सलीम म्हणाला, "मपलं पॅकिंग कंपनीचं हाय."

पॅकिंग बदललं. जाड तेल भरलं. उतारावरून येताना गाडी जड वाटली. ओझं नसताना.

११ एप्रिल, गुरुवार

परत गळती. आणि आता धूरही, निळा. एअर फिल्टरच्या नळीतून तेल टपकतंय. सलीम म्हणाला, सील. सील बदललं. तेल मोजायच्या पट्टीनं बघितलं तर खुणेच्या कितीतरी वर. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

"मीच जास्ती वतलं आसंल," तो म्हणाला. जास्तीचं काढून टाकलं.

गळणाऱ्या गाडीत तेल कमी व्हायला हवं. वाढतं कसं. परत येताना घाटात एवढंच डोक्यात.

इंजिनाच्या झाकणावर, चिखल खरवडल्यावर, कंपनीनं कोरलेले तेलाचे आकडे दिसले. दहा-तीस. सलीमला दाखवायचं राहिलं.

१५ एप्रिल, सोमवार

कळलं.

पूजेला बसलो आणि लक्षात आलं, तुळशीचं पान तोडून आणलंच नाही. भांडी विसळलेल्या पाण्यावर कशीबशी जगवलेली आमची तुळस, रोज एकच पान घेतो. उठून बाहेर आलो.

आबा गाडीजवळ उकिडवे बसले होते. धोतर खोचलेलं. हातात ती लांब चोचीची तेलाची कुपी, तलावावरच्या इंजिनाची. झाकण काढून बोट आत घातलं, चाचपलं, मग कुपी वाकडी केली. अगदी हळू. बारीक धार. आणि बोलत होते. मला नव्हे, गाडीला.

"घे. घे बाई. घाट चढायचाय तुला. उपाशी कशी जाशील."

तोंडाशी आलं तसं थांबले. झाकण लावलं, उपरण्याच्या टोकानं भोवती पुसलं. मग टाकीला हात लावून तो हात कपाळाला लावला. इंजिनाला लावायचे तसाच.

मी दारातच उभा. पुढं पाय उचलला नाही. पान न घेताच आत आलो आणि देवासमोर बसलो. कोणता श्लोक चालला होता तेही आठवेना.

म्हणजे रोज. मी पूजेला बसतो तेवढ्या वेळात. जुन्या इंजिनाला तेलाच्या वाट्या होत्या, त्या रोज सकाळी काठोकाठ भराव्या लागायच्या. ते इंजिन तेल प्यायचंच. आबांच्या लेखी हे त्यांचं कामच. चोरून नाही, लपवूनही नाही. काम कुणी सांगून करतं का.

आणि त्यांचं उठणं, बुक्का, आमटीतलं मीठ. तेही कळलं.

१६ एप्रिल, मंगळवार

सौ.ला सांगितलं. ती शेणाच्या पाट्या भरत होती. आधी खूप हसली, पदर तोंडाला लावून. मग पाटी खाली ठेवली.

"आवं, सांगू नगा त्यास्नी."

"गाडीचं वाटोळं होईल."

"होऊ द्या. माणूस बोलाया लागलंय. त्यांनी सकाळी वतलं की तुमी संध्याकाळी काढा."

बायकोचं डोकं. काढून टाकायचं, एवढंच की. तिथंच छावणीच्या मागं गाडी तिरपी केली, खालचा बोल्ट सैल केला, पट्टीवर खुणेला येईपर्यंत तेल एका बाटलीत सोडलं. शेजारच्या दावणीच्या विठोबा गाडीवानाला वंगण हवंच होतं. तो म्हणाला, "रोज देताव का?" रोज देतो म्हटलं.

१९ एप्रिल, शुक्रवार. हनुमान जयंती

पहाटे आबांबरोबर मारुतीला. जन्माचा पाळणा झाला, सुंठवडा वाटला. टँकर आला म्हणून बाया मधूनच घागरी घेऊन पळाल्या, परत आल्या, तोवर मारुती जन्मलेला. एक म्हणाली, "आमच्यासाठी थांबला बी न्हाई."

परतताना आबा थांबले. म्हणाले, "दत्ता, गाडीचा आवाज ऐकलास का?"

"काय झालं आवाजाला?"

"गोड झालाय. आधी कोरडी खोकायची. मी इथून ऐकतो, तू वळणावर जाईस्तोवर."

मी हो म्हटलं. देवळाच्या पायरीवरच म्हटलं. आवाज घोगरा झालाय, मलाही कळतं.

पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, उतरताना. आधारासाठी असेल. तरी ठेवला.

रोजचा क्रम बसलाय. सकाळी बाप पाजतो, संध्याकाळी लेक काढतो. अंगणात थोडंबहुत सांडतंच, राख आहे. चालेल असं वाटतंय.

२४ एप्रिल, बुधवार

नाही चाललं.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर इंजिन एकदम ओरडलं आणि गाडी मात्र जागेवर. गिअर टाकतोय, मूठ पिळतोय, आवाज वाढतोय, चाक ओढत नाही. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन. ढकलायचं म्हटलं तर चढ. ओल्या पोत्यानं कॅन झाकले. पोतं बघता बघता वाळलं.

एक जीपवाला थांबला, त्यानं कॅन नेले. मी मागून, गाडी ढकलत, थांबत. केंद्रावर पोचलो तेव्हा कॅन बाजूला काढून ठेवलेले. झाकण उघडायची गरज नव्हती, वास आला.

नासलेलं दूध छावणीवर परत न्यायला दुसऱ्याची गाडी मागितली. बाया जमल्या. पारूमावशीचं घर एका गाईवर आहे, तिनं कॅनमध्ये डोकावलं आणि म्हणाली, "आगं बयांनो, आज समद्यांकडं खरवस." दोघी हसल्या. बाकीच्यांनी आपापली भांडी पुढं केली. कुणी मला बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

सेक्रेटरींचा निरोप: आता पुन्हा असं झालं तर मी वरच्यांना काही सांगू शकणार नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

सलीमनं बोल्ट काढला. परातीत तेल पडलं तसा गप झाला. बोटांत घासलं. परत घासलं.

"भाऊ, हे काय पाजलंय हिला? ह्यात दोन तेलं हायेत. एक तर डिझेल इंजनाचं दिसायलंय."

"मीच घातलं."

"कावून?"

"असंच."

"तुमी फटफटी चालवायलाव का ट्रॅक्टर?"

मग त्यानं झाकण खोललं आणि दाखवलं. ह्या गाडीत क्लचच्या पट्ट्या त्याच तेलात बुडालेल्या असतात. इंजिनाचं तेल तेच क्लचचं तेल. ट्रॅक्टरला, पंपाला तसं नाही, म्हणून त्यांच्या तेलात घसरण जास्त असली तरी बिघडत नाही. इथं पट्ट्याच घसरायला लागतात. एकमेकींना धरेनाशा होतात. पट्ट्या काळ्या पडल्या होत्या, जळका वास.

मला वाटत होतं, जास्तीचं काढलं की झालं. मिसळलेलं कसं काढणार.

झाकणावरचे आकडे दाखवले. सलीमनं डोकं खाजवलं. "दहा-तीस. मंग मपलं वीस-चाळीस बी चुकलंच की. कुणाला सांगू नका बरं, गिऱ्हाईक तुटंल." वडवणीच्या कंपनीच्या दुकानातून मोटारसायकलचं दहा-तीस आणवलं, पट्ट्या नव्या. डब्यावर नीट बघून घ्या म्हणाला, मोटारसायकलचं आहे का, नुसता आकडा बघून कारचं आणू नका.

गाडी रात्रभर त्याच्याकडेच. म्हणजे उद्याचा दिवस तिच्या पोटात जे आहे तेच राहील. परवाचं काय.

२७ एप्रिल, शनिवार

काल गाडी घेतली ती सरळ छावणीवर लावली, घरी पायी आलो. आबांना सांगितलं, गॅरेजमध्ये आहे. आज पहाटे ते उठले, अंगणात गेले, रिकाम्या जागेपाशी थोडं उभे राहिले. परत येऊन गोधडीवर पडले. मी निघालो तेव्हा तसेच.

गाडी वाऱ्यासारखी घाट चढली. एक थेंब नाही. आनंद व्हायला हवा होता.

२९ एप्रिल, सोमवार

आबा तीन वेळा हाक मारल्यावर उठतात. आज अंघोळ नाही. आमटीत मीठ घालायचं मी मुद्दाम विसरलो. काही म्हणाले नाहीत, खाल्ली.

सौ. म्हणते, "तेलाचा डबा लपवा. सांडला म्हणावं."

सलीमला शेवटी खरं सांगितलं. त्याचा इलाज असा: "आबांच्या कुपीत दहा-तीस भरून ठेवा. वतू द्या. संध्याकाळी तुमी काढा. त्यांना काय दिसायलंय." त्याचा जीव चांगला आहे, वाईट हेतू नाही. आणि इलाज चालेलही. पट्ट्यांना धक्का नाही, दूध वेळेवर, आबांची सकाळ आबांना.

दिवसभर तेच मनात घोळवलं. लहान लेकराच्या हातात खोटं स्टेअरिंग द्यावं तसं. आणि ज्यांच्या हातात देणार, त्यांनी इंजिनाचा नुसता ठोका ऐकून कुठं काय सैल झालंय ते सांगितलेलं मी ऐकलंय.

१ मे, बुधवार

जेवताना सांगायचं ठरवलं होतं. आबांनीच विषय काढला.

"गाडी कवा यायची?"

"येईल एवढ्यात."

मग बऱ्याच दिवसांनी बोलले. सोसायटीचं इंजिन नवीन आलं तेव्हाची गोष्ट. कंपनीचा माणूस आला होता, त्यानं सगळं शिकवलं आणि जाताना म्हणाला, ह्याला काही झालं तर पत्र टाका. आबा म्हणाले, "मी म्हणलं साहेब, पत्र जाईस्तोवर ऊस वाळंल. माणसाला तहान लागली तर बोलतंय. जनावर हंबरतंय. इंजन बोलत न्हाई, गपचिप जळून जातंय. म्हणून सकाळी आपणच इचारायचं."

एवढं बोलून अर्धी भाकरी जास्त घेतली. मी सांगायचं पुढं ढकललं.

झोपताना नामस्मरण होईना. एकच विचार. इंजिनवाल्या माणसाला इंजिनाचं खरं सांगायचं नाही, म्हणजे त्याला इंजिनवाला समजायचंच नाही. आम्ही तिघांनी, मी, सौ. आणि सलीमनं, मिळून त्यांना म्हातारा करून टाकलं होतं. प्रेमानं.

पण सांगितल्यावर ते परत त्या गोधडीवर पडले तर?

४ मे, शनिवार

गाडी घरी आणून ठेवली. आबांनी आवाज ऐकला, बाहेर आले, काही न बोलता सीटवर हात फिरवला. शेजारच्या म्हातारबांना सांगताना ऐकलं, "आली मपली." मोठ्यानं सांगितलं. ते बहिरे आहेत, तरी त्याहून मोठ्यानं.

उद्या पहाटे त्यांच्याआधी उठायचं. सौ.ला निरोप दिलाय. तिनं उलट निरोप पाठवला: "नीट बोला. उभ्यानं बोलू नका." हे बरं सुचवलं.

५ मे, रविवार

पूजा आज मागं ठेवली. देवाला सांगून ठेवली.

अंगणात जाऊन गाडीशेजारी खाली बसलो. नवं दहा-तीस एका वाटीत घेतलं होतं. आबा कुपी घेऊन आले, मला बघून थांबले.

"पूजा?"

"मागून करतो. बसा, आबा."

बसले. कुपी मांडीवर. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. नुसतं म्हटलं,

"आबा, हिच्यात तेल जास्ती व्हायलंय. आन हे तेल हिचं न्हाई."

मग मी सगळं सांगितलं. एकाच तेलात इंजिन आणि क्लच, पट्ट्या कशा घसरतात, काठोकाठ भरलं की दाब वाढून तेल वाट मिळेल तिथून बाहेर कसं येतं. झाकण काढून पट्टी दाखवली. खूण त्यांना दिसेना, म्हणून त्यांचं बोट धरून खुणेच्या खाचेवर ठेवलं. हे असं सांगत गेलो जसं दुसऱ्या गावच्या इंजिनवाल्याला सांगावं.

"कवापसून?"

"शिमग्यापसून गळतीय."

"घाटात दूध नासलं म्हणत होते लोकं. ते ह्याच्यानं?"

"हां."

खोटं बोलायला ती एक जागा होती. नाही बोललो.

मग त्यांनी वाटीत दोन बोटं बुडवली. अंगठ्यावर घासलं, वास घेतला, उजेडाकडे धरलं.

"लई पातळ हाय," म्हणाले. "ह्याच्यावर चालती?"

"कंपनीनं झाकणावर कोरून दिलंय. दहा-तीस."

"मला वाचाया येत न्हाई ते."

"मला येतं, आबा. पर मी बी उशिरा वाचलं."

त्यावर मान हलवली की नाही, नीट दिसलं नाही. कुपी तिथंच जमिनीवर ठेवली. गुडघ्याला हात देऊन उठले, मी हात पुढं केला तो घेतला नाही. बोटांना तेल तसंच. आत गेले. गोधडीकडे गेले की चुलीकडे, मी वळून बघितलं नाही. ते त्यांचं.

उन्हं यायला लागली होती. छावणीवर बाया कॅनजवळ उभ्या असतील. पट्टी पुसली, जागेवर बसवली, मागं घराच्या दाराकडे न बघता किक मारली.

सांगितलं मी त्यांना.